पदरचे तेरा मार्क

प्रिय वहिनी,

तुम्हाला जाऊन महिना झाला आणि मी तुमच्याशी भांडायला बसले आहे. हसू नका! जिवंतपणी कधी भांडू दिलंत का मला? मी आवाज चढवला की तुम्ही चष्मा काढून पदराला पुसायला लागायच्या आणि म्हणायच्या, "बोल, ऐकतेय मी." अशा बाईशी कोण भांडणार? म्हणून हे पत्र. यात तरी तुम्हाला मध्ये चष्मा पुसता येणार नाही.

झालं असं, की चार दिवसांपूर्वी तुमची नात मुग्धा तुमचं लोखंडी कपाट आवरायला बसली होती. मी बाजूला खुर्ची टाकून नुसतीच सूचना करत होते, हे ठेव, ते टाक. तेवढ्यात ती ओरडली, "आत्याआजी, ये देखो, तुमचा पेपर!" सतरा वर्षांच्या कुसुमचा, म्हणजे माझा, बुद्धीच्या परीक्षेचा पेपर. निळी शाई, वेडीवाकडी अक्षरं, कडा पार पिवळ्या. वरच्या कोपऱ्यात तुमच्या हातचा लाल शाईतला आकडा, चार. तो खोडलेला. शेजारी पेन्सिलीनं लिहिलेलं, तेवीस.

तेवीस, वहिनी?

छत्तीस ना? चाळीसपैकी छत्तीस! अहो, पासष्टच्या वर वर्षं झाली, मी अख्ख्या गावाला छत्तीस सांगत आले आहे. माझ्या नातवंडांना तो आकडा पाठ आहे. जावयाला पहिल्या भेटीत सांगितला होता मी!

मुग्धा म्हणाली, "अरे, तो क्या हुआ? तेवीस म्हणजे एवरेज आहे, एकदम नॉर्मल." तीही आता तुमच्याच धंद्यातली, तिच्यापुढे काय बोलणार? ती जेवायला उठल्यावर तुमचा तो भोकं पाडलेला तपासणीचा पुठ्ठा शोधून काढला आणि स्वतः पेपर तपासला. एकदा तपासला, मग पुन्हा तपासला, कारण दोनदा तपासल्याशिवाय आकडा लिहायचा नाही हे तुम्हीच शिकवलंत. दोन्ही वेळेला तेवीसच आले.

आणि येत्या रविवारी तुमची श्रद्धांजली सभा आहे! कोण काय बोलणार ते मला आत्ताच माहीत आहे. शाळेवाले म्हणतील, तुरुंगवाले म्हणतील, कॉलेजवाले म्हणतील, की बाईंनी आयुष्यात कोणाला अर्धा मार्क वाढवून दिला नाही. मग शेवटी मी उठायचं आहे, तुमची सगळ्यात जुनी मदतनीस म्हणून. मी काय बोलू? खरं सांगावं तर तुमच्या नावाला बट्टा लागतो. लपवावं तर मी पुन्हा छत्तीसची होऊन मिरवायची, आणि आता ते घशाखाली उतरत नाही. चार दिवस झाले, मला दुसरं काही सुचत नाही.

म्हणून म्हटलं, आधी तुमच्याशीच बोलून घ्यावं.

तुम्ही लग्न होऊन सिंधीपुऱ्यात आलात तेव्हा गल्लीतल्या बायका तुम्हाला बघायला यायच्या, आठवतं? नागपूरची एम. ए. झालेली सून, तीही मानसशास्त्रात. आईला तो शब्द शेवटपर्यंत जमला नाही. ती सांगायची, "सून वेड्यांची डॉक्टर आहे वो आमची." बायका दोन पावलं मागे सरकायच्या. दादा लाजून दुकानात निघून जायचा. तुम्ही मात्र सगळ्यांना चहा द्यायच्या आणि प्रत्येकीच्या मुलांची नावं विचारायच्या.

मग ते नवं राज्य झालं. नागपूर तिकडे मुंबई राज्यात गेलं, आपण इकडे राहिलो, राजधानी भोपाळला गेली. बसल्या जागी तुमचं माहेर परराज्यात गेलं! तुम्ही मोरीत जाऊन रडलात, मला दिसलं होतं. कचेऱ्यांतले कागद हिंदीतून येऊ लागले. आणि त्याच वर्षी तुम्हाला पहिलं काम मिळालं. मुलींच्या शाळेत जाऊन बुद्धीची परीक्षा घ्यायची, कोण मॅट्रिकच्या वर्गात बसण्याजोगी आणि कोण नाही ते ठरवायचं, आणि यादीवर सही करायची.

मी तेव्हा दोनदा मॅट्रिक नापास होऊन घरी बसले होते. ढ गोळा! हा आईचा शब्द. घालूनपाडून नाही, अगदी प्रेमानं म्हणायची, "माझी ढ गोळा, भाकऱ्या मात्र गोल करते." इच्छापुरकडच्या एका केळीच्या बागवाल्याचं स्थळ आलं होतं. चाळिशीचा बिजवर, दोन मुलं. माणूस वाईट नसेलही. पण मी त्याला पाहिलं तेव्हा तो माझ्याकडे न बघता आमच्या भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होता. आईनं होकार कळवायचा एवढंच बाकी होतं.

त्याच आठवड्यात तुमच्या शाळेतल्या परीक्षेत अकरा मुली जवळजवळ शून्यावर आल्या. तुम्ही पेपर घरी घेऊन आलात, जेवलात नाही. यादी तयार होती, सही बाकी होती. तुम्ही मला हाक मारलीत, "कुसुम, जरा हा सोडव बरं." मी गवारीच्या शेंगा मोडत होते. हात पुसले आणि खिडकीत बसून सोडवला. तुम्ही पुठ्ठा ठेवून तपासलात. लाल शाईत चार लिहिलंत. मग माझ्याकडे बघत राहिलात.

"कुसुम, पहिलाच चौकोन कोरा का ठेवलास? सगळी उत्तरं अशी खाली का लिहिलीस?"

"मग कुठे लिहू? त्यांनीच तर लिहिलंय, खाली लिहा म्हणून."

तुम्ही कागद उचलून वाचलात. "उत्तर खाली जगह में लिखिए." हिंदीतली खाली जगह म्हणजे रिकामी जागा! आणि मी शहाणीनं वाचलं, खालच्या जागेत. आता बाजारात भाजीवालीशी मी रोजच हिंदी बोलायचे, "डब्बा खाली है क्या" म्हणायचे. पण छापलेला कागद पुढे आला की डोकं मराठी शाळेतलं ना! माझं प्रत्येक उत्तर एक ओळ खाली उतरलं होतं, आणि पुठ्ठ्याच्या भोकातून भलत्याच प्रश्नाचं उत्तर दिसत होतं. चार तरी कशी बरोबर आली, देव जाणे.

तुम्ही कपाळावर हात मारून घेतलात. "अगं बाई! मी मराठी, मुली मराठी. मी हिंदीत वाचलं, पोरींनी मराठीत. आणि मी त्यांना मंद ठरवायला निघाले होते!"

त्या अकरा पेपरांतही तेच निघालं. सगळ्या मराठी घरांतल्या, सगळ्यांची उत्तरं एक ओळ खाली. तुम्ही शाळेत जाऊन सगळ्यांदेखत सांगितलंत, चूक मुलींची नाही, माझी आहे. कोण सांगतं हो असं, नोकरीच्या पहिल्या महिन्यात? नव्यानं तपासल्यावर आठ जणी वर गेल्या. तिघी खरंच कच्च्या होत्या. त्यांना तुम्ही एकही मार्क वाढवला नाहीत. उलट शाळेच्या आधी तासभर बोलावून शिकवलंत. परवा मी कपाटातले ते अकराही पेपर पुन्हा पाहिले, वहिनी. एकाही आकड्यात फरक नाही.

फरक फक्त माझ्यात!

माझा पेपर तुम्ही नव्यानं तपासलात आणि त्याच संध्याकाळी आईपुढे जाऊन उभ्या राहिलात. "आई, कुसुमला छत्तीस मिळाले. चाळीसपैकी."

"छत्तीस म्हंजे किती व?"

"म्हणजे ही वर्गात पहिली यायच्या लायकीची आहे. हिला परत मॅट्रिकला बसवू या. लग्नाचं मागाहून बघू."

आईनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी दुसऱ्या कोणाची मुलगी आहे. बागवाल्याकडे तिनं निरोप पाठवला, "पोरगी हुशार निघाली, काय करता!" त्या वाक्यावर आपण दोघी मोरीत जाऊन तोंडाला पदर लावून किती हसलो होतो.

तेवीस सांगितलं असतंत तर? मला माहीत आहे आई काय म्हणाली असती. "म्हंजे अर्ध्याला थोडं जास्त. मग बरं आहे की, संसाराला पुरे." आणि मी घड्याळाकडे बघणाऱ्या माणसाच्या घरी गेले असते. हे मला आत्ता, या वयात कळतंय. तुम्हाला तेव्हाच, पंचविसाव्या वर्षी, आईसमोर उभं राहिल्याबरोबर कळलं होतं.

पुढे मी मॅट्रिक पास झाले, थर्ड क्लासमध्ये. आईनं गल्लीत रव्याचा गोड दराबा वाटला आणि तुम्हाला बाजूला घेऊन विचारलं, "छत्तीसवाली पोरगी थर्ड क्लासमध्ये कशी?" तुम्ही शांतपणे म्हणालात, "यंदा पेपर फार कठीण होते, आई." लबाड!

त्यानंतर तुम्हाला नेपानगरला बोलावणं आलं. कागदाच्या मिलमध्ये मशीनवर माणसं निवडायची होती. आई म्हणाली, सून एकटी पॅसेंजरनं जाणार नाही, कुसुम सोबत जाईल. झालं! तेव्हापासून मी तुमच्या मागे, हातात पेपरांची पिशवी. तुम्ही आधी दोन दिवस कोणाची परीक्षाच घेतली नाहीत. नुसत्या त्या कामगारांजवळ बसून चहा प्यायलात आणि "ह्याला तुम्ही काय म्हणता, त्याला काय म्हणता" विचारत राहिलात. मला सांगितलंत, त्यांचे शब्द वहीत लिही. तिसऱ्या दिवशी त्यांच्याच शब्दांत प्रश्न तयार केलेत. ही तुमची रीत त्या एका "खाली"मुळे पडली, हे तुम्ही नंतर कॉलेजात शिकवताना प्रत्येक वर्गाला सांगायच्या. तेव्हा मी मागच्या बाकावर ताठ बसायचे, कारण गोष्टीतली हुशार मुलगी मी होते ना!

मग तुरुंगातलं काम, कैदी बायकांना तपासायचं. तिथे मला भयंकर भीती वाटायची. तुम्ही मात्र त्या बायकांना पहिल्यांदा विचारायच्या, जेवलात का. एका बाईच्या कागदावर "वेडी" असं लिहा म्हणून तिचा भाऊ तुमच्या पाया पडत होता, म्हणजे शिक्षा कमी होईल. तुम्हाला वाईट वाटलं. पण लिहिलंत ते खरं तेच लिहिलंत. पुढे कोर्टात साक्षीला उभं राहायची वेळ आली तेव्हा वकिलानं एक शब्द बदलायला सांगितला, तोही बदलला नाहीत.

इंदूरच्या इस्पितळातली तीन वर्षं मला सगळ्यात जास्त आवडली. दादानं तुम्हाला जाऊ दिलं, याचं श्रेय त्याला द्यायला हवं. तिथे एक म्हातारी बोलतच नव्हती. तुम्ही रोज तिच्याजवळ बसून मटार सोलायच्या. तिसऱ्या आठवड्यात ती म्हणाली, "किडका आहे तो, टाक." केवढा आनंद झाला होता तुम्हाला! घरी येऊन मला मिठी मारलीत, आणि मी म्हटलं, एका किडक्या मटारासाठी?

आणि शेवटी आपली सिंधीपुऱ्यातली बाहेरची खोली. शेजारच्या कापडमागांच्या खटखटीत माणसं सल्ल्याला येऊन बसायची, सासवा, सुना, मास्तर, दुकानदार. एक बागवाला मुलाचे मार्क वाढवून घ्यायला केळीचा अख्खा घड खांद्यावर घेऊन आला होता. तुम्ही त्याला घडासकट परत पाठवलंत. मी म्हटलं, निदान दोन फण्या तरी! तुम्ही डोळे वटारलेत.

आता ती गोष्ट, जिच्यामुळे माझं डोकं फिरलं आहे.

आठवतं, एक विधवा बाई तिच्या मुलीला घेऊन आली होती? मुलगी दोन मार्कांनी मागे राहत होती. मला कळवळा आला आणि मी पेन्सिलीनं दोन मार्क वाढवले. तुम्ही पुन्हा तपासलंत, अर्थातच. तेव्हा तुमचा आवाज मी पहिल्यांदा चढलेला ऐकला. "मार्क आपल्या पदरचे द्यायचे नसतात, कुसुम!" चार दिवस माझ्याशी बोलला नाहीत. चार दिवस! मी स्वयंपाकघरात रडले. मी तेव्हा चाळिशीची बाई, दोन मुलांची आई, स्वतःच्या मर्जीनं लग्न केलेली, आणि लहान मुलीसारखी रडले.

दोन मार्कांसाठी एवढं? आणि स्वतः तेरा? तेरा, वहिनी! पदरचे!

परवा हे लक्षात आलं तेव्हा मी पेपर टेबलावर आपटला. मुग्धा घाबरून धावत आली.

पण मग पाचव्या दिवशी तुम्ही माझ्यासाठी चहा करून आणलात तेही आठवलं. माझ्याशेजारी बसलात आणि म्हणालात, "एकदा खोटं बोललं ना, की ते खरं करण्यात जन्म जातो. तुझ्यात तेवढी चिकाटी नाही अजून." मला वाटलं, ही मला टोमणा मारतेय. मी चहा प्यायले नाही. तसाच गार झाला.

आता कळतंय तुम्ही कोणाबद्दल बोलत होतात!

सोबत हवी म्हणून तुम्ही मला न्यायच्या, असं मी आजवर धरून चालले होते. पण आई तर तुमच्या इंदूरच्याही आधी गेली. त्यानंतर कोणाला हवी होती सोबत? तरी प्रत्येक गावी तुम्ही माझं तिकीट आधी काढायच्या. गाडीत पुस्तक हातात द्यायच्या आणि उतरताना त्यातलं विचारायच्या. मला खासगीतून इंटरला बसवलंत, मग बी. ए.ला. कॉलेजात एक दिवस अचानक म्हणालात, "आज वर्ग कुसुमताई घेतील," आणि निघून गेलात. मी दारामागे उभी राहून पहिलं वाक्य घोकत होते. तुम्ही गेला नव्हतात, खिडकीखाली उभ्या होतात, हे मला पुढे शिपायानं सांगितलं.

एक आकडा बोलून गेलात आणि पन्नास वर्षं माझ्यामागे लागून तो खरा केलात. किती कंटाळा आला असेल हो तुम्हाला? मी काही सोपी नव्हते. एक गोष्ट चारदा सांगावी लागायची. तुम्ही कधी "छत्तीसवाली असून?" असं म्हणाला नाहीत. मला तेव्हा ते तुमचं मोठेपण वाटायचं!

तरी एक तक्रार आहेच. मला का नाही सांगितलंत? साठीला सांगायचं. बी. ए. झाले तेव्हा सांगायचं. मी कोसळले असते असं वाटलं का? कोसळलेही असते कदाचित.

आणि माझाही एक अपराध आहे. शेवटच्या आजारात तुम्ही एकदा माझा हात धरून विचारलंत, "कुसुम, तुला माझा राग नाही ना?" मी म्हटलं, "कशाचा राग? काहीतरीच! चहा घेणार का?" तुम्ही हात सोडलात. वहिनी, माणसांचं बोलणं कसं ऐकायचं हे मी जन्मभर तुमच्याकडून शिकले, आणि नेमकं तेव्हाच मी चहा टाकायला उठले. एक मिनिट बसले असते तर तुम्ही सांगितलं असतंत. हे मला फार लागलं आहे.

तर त्या प्रश्नाचं उत्तर आता देते. नाही, राग नाही. म्हणजे होता, चार दिवस. दोन मार्कांना चार दिवस हा तुमचाच भाव आहे, तेरा मार्कांना तर महिना होत आला असता, पण मी तुमच्याएवढी कडक नाही. मला तुमचे उपकार मानायचे आहेत आणि ते कसे मानतात ते येत नाही. तुम्ही अख्ख्या जगाला खरं मोजून दिलंत आणि मला तुमच्याजवळचं काढून दिलंत. माझं आयुष्य त्यावर उभं आहे, वहिनी. माझी नोकरी, माझा नवरा, माझं घर, माझ्या मुलींची शिक्षणं. सगळं.

मुग्धाचं म्हणणं, "छोड़ो ना आत्याआजी, कोणाला कळणार आहे? आजीचं नाव खराब होईल." ती तुमच्यावर जीव टाकते म्हणून म्हणते. मलाही दोन दिवस तसंच वाटलं. पण मग विचार आला, रविवारी समोर कोणीतरी बसलेली असेल, तेवीसवाली. अशी कोणीतरी असतेच. आणि तिनं काय ऐकून घरी जायचं? की बाईंची कुसुम मुळातच हुशार होती, म्हणून तिचं झालं?

म्हणून वचन देते. रविवारी मी पेपर घेऊनच उभी राहीन. आधी चार, मग तेवीस, दोन्ही वाचून दाखवीन. छत्तीस हा आकडा कोणी दिला तेही सांगेन. कोणी विचारलं, म्हणजे बाई खोटं बोलल्या? तर म्हणेन, हो, बोलल्या. एकदाच. माझ्यासाठी.

तुमची नणंद,
कुसुम
चाळीसपैकी तेवीस